साताऱ्याची फाईल सांगलीस जातांना

पूर्वीं पोथ्या नकलून देणारे जे लेखक असत त्यांची एक चाल, ज्यांच्या माळ्यावर अजून पोथ्यांचे रुमाल आहेत अशा वाचकांस ठाऊक असेल. ग्रंथ उतरून झाला कीं अखेरच्या पानावर लेखक आपला दोष झटकून टाकी. समोर जशी प्रत होती तशी ही उतरली आहे, तींत शुद्धाशुद्ध जें असेल त्याचा बोल मला लावूं नये, असा त्या शेवटच्या श्लोकाचा भाव असे. हल्लीं तो श्लोक कोणी लिहीत नाहीं, परंतु वृत्ति तीच आहे. साताऱ्याचे गृहस्थ म्हणतात, मीं फाईल नीट पाठविली. सांगलीचे म्हणतात, मला ती अशीच मिळाली. आणि मधल्यामध्यें ओळी मोडलेल्या असतात, कोष्टकें विसकटलेलीं असतात, कधीं तर मराठीच्या जागीं रोमन अक्षरांचा नुसता कडबा पडलेला असतो. दोघेही खरें बोलत असतात. मग बिघडलें कोठें, ह्याचा विचार ह्या महिन्यांत करावयाचा आहे. कारण आतां लग्नपत्रिकेपासून वांटणीपत्राच्या मसुद्यापर्यंत घरांतील सारें लिहिणें ह्याच मार्गानें जातें येतें.

आमच्या परिचयाच्या एका घराण्याचें उदाहरण घेऊं. थोरली पाती साताऱ्यास, धाकटी सांगलीस. घराण्याचा कुलवृत्तांत वीस-बावीस वर्षांपूर्वीं छापला होता, त्याची दुसरी आवृत्ति काढावी असें ठरलें. पहिली आवृत्ति ज्यांनीं सिद्ध केली ते थोरल्या पातींतील काका आज ८६ वर्षांचे आहेत. दृष्टि अधू झाली आहे, पण कोणाची लेक कोणत्या घरीं दिली व तिचें सासरचें नांव काय ठेविलें, हें अजूनही त्यांनाच विचारावें लागतें. वंशावळींत त्यांनीं एक संकेत पाळला होता: हयात माणसांचीं नांवें सरळ अक्षरांत व दिवंगतांचीं तिरप्या अक्षरांत. छापील पानावर तो फार शोभून दिसे.

जुन्या आवृत्तीची सीडी कपाटांत जपून ठेविलेली होती. नातवानें ती उघडली तों पडद्यावर मराठीचें एक अक्षर नाहीं! काकांस वाटलें, तबकडी खराब झाली. ती खराब झालेली नव्हती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वीं मराठी लेखनाकरितां जीं साधनें वापरांत होतीं, त्यांत पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपि व पुण्याच्याच सी-डॅक संस्थेची आयएसएम हीं प्रमुख होत, आणि त्यांनीं मराठी मुद्रणाची सेवा थोडीथोडकी केलेली नाहीं. परंतु त्या काळच्या बहुतेक फाँटांच्या घडणीचें मर्म असें कीं, संगणक आपल्या समजुतीनें रोमन अक्षरें व चिन्हेंच लिहीत असे. फाँट त्यांवर देवनागरीचें रूप चढवी. सांगलीकरांस हें नाटकाच्या दृष्टांतानें लगेच पटेल. १८४३ सालीं विष्णुदास भावे ह्यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांपासून पुढें कित्येक वर्षें स्त्रियांचीं सोंगें पुरुषच घेत. रंगणांत असेपर्यंत ती सीता; पडद्यामागें जाऊन लुगडें फेडलें कीं आंतला गडी उघडा. जुना फाँट म्हणजे तें लुगडें. ज्या संगणकावर तो फाँट नाहीं तेथें आंतलें रोमन अक्षर आपल्या मूळ रूपांत उभें राहतें. त्यांतून प्रत्येक कारखान्याचा शिंपी निराळा असल्यामुळें एकाचें लुगडें दुसऱ्याच्या सोंगास बसत नाहीं.

अशा जुन्या फाईली पुष्कळांच्या घरीं आहेत व लोक त्या गेल्या असें समजून टाकून देतात. तसें करूं नये. फाईल उघडून मजकुरावर क्लिक केलें, तर फाँट आपल्या संगणकावर नसला तरीही वरच्या चौकटींत त्याचें नांव बहुधा दिसतें. तें नांव टिपून घ्यावें, आणि नेमक्या त्याच फाँटासाठीं केलेल्या परिवर्तकानें मजकूर युनिकोडांत आणावा. एकाचा परिवर्तक दुसऱ्यास लावला तर कडब्याचा भुसा होतो, एवढेंच.

युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तींत प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. क ह्या अक्षराचा २३२५, र चा २३५२. हा आंकडा सातारा, सांगली, शिकागो, कोठेंही गेलें तरी बदलत नाहीं, व फाँट कोणताही असला तरी क हा क च राहतो. आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या मास्तरांस विशेष आवडण्यासारखी आहे. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या आधीं येते, पण युनिकोडांत ती उच्चाराच्या क्रमानें, म्हणजे व्यंजनाच्या मागून लिहिलेली असते. डोळ्यांनीं पाहण्याचा क्रम निराळा व कानांनीं ऐकण्याचा निराळा, आणि युनिकोडनें कानाचा क्रम धरला. जुन्या फाँटांत हा क्रम डोळ्याचा होता. म्हणून परिवर्तन झाल्यावर पहिली वेलांटी व रफार हीं दोन ठिकाणें आधीं तपासावीं.

तिसरें ठिकाण आपल्या मराठीचें खास आहे. आचार्यास म्हणजे गुरूस, आणि आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक्यास. दोहोंत फरक एवढाच कीं पहिल्यांत रफार आहे व दुसऱ्यांत चंद्रकोरीसारखा र. हा दुसरा र लिहिण्याच्या दोन रीति आहेत. एका रीतींत २३५३ क्रमांकाचा निराळा ऱ वापरतात. दुसरींत साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. परंतु मजकूर एका प्रणालींतून दुसरींत जातांना, विशेषतः जेथें तो ‘स्वच्छ’ करून घेतला जातो तेथें, तें अदृश्य चिन्ह गळून पडूं शकतें, आणि आचारी एका क्षणांत आचार्य होतो. महाबळेश्वरच्या दऱ्यांचा दर्या होऊन समुद्र थेट साताऱ्यापर्यंत येतो. शोधण्याचीही अडचण होते. अर्ध्या मजकुरांत ‘साताऱ्यास’ एका रीतीनें व अर्ध्यांत दुसऱ्या रीतीनें असेल, तर एकानें शोधलें असतां दुसरें सांपडण्याची खात्री नाहीं. ज्या घराण्याचीं मुळें कऱ्हाडांत आहेत त्यांनीं हें एकदां अवश्य पाहावें. आमचें मत, सर्वांनीं ऱ हा स्वतंत्र वर्णच वापरावा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तो आहे. ज्या मोबाईलवर मिळत नसेल तेथें कोणाकडून तरी आलेल्या शब्दांतून उतरवून घ्यावा.

असो. नातवानें सर्व मजकूर युनिकोडांत आणला, महिनाभर शुद्ध केला, वंशावळ पूर्ववत् सरळ-तिरप्या अक्षरांत मांडली, व ती फाईल सांगलीस पाठविली. सांगलीस धाकट्या पातींतील काकू छापील प्रत घेऊन वाचावयास बसल्या. त्यांच्या यजमानांस जाऊन अकरा वर्षें झालीं. त्यांचें नांव सरळ अक्षरांत पाहून त्या कांहीं बोलल्या नाहींत. चष्मा काढून ठेविला आणि पुतण्यास एवढेंच म्हणाल्या, “हें साताऱ्यास कळव.” मग पुतण्यानें पानें चाळलीं तों पांचशेंहून अधिक नांवांत एकही नांव तिरपें नव्हतें. आठ पिढ्यांतील सर्व माणसें हयात होतीं!

ह्याचें कारण पुष्कळांस ठाऊक नसतें म्हणून सविस्तर सांगतों. वर्डच्या फाईलींत रोमन लिपीसाठीं एक, आणि देवनागरी, अरबी इत्यादि लिप्यांसाठीं दुसरा, असे दोन कप्पे असतात. अक्षराचा आकार, ठळकपणा व तिरपेपणा ह्या तिन्ही गोष्टी दोन्ही कप्प्यांत स्वतंत्र नोंदलेल्या असतात. लिब्रेऑफिसमध्येंही असेच दोन विभाग आहेत. मधल्या एखाद्या प्रणालीनें, अथवा मोबाईलवरील एखाद्या उपयोजनेनें, खूण केवळ रोमनच्या कप्प्यांत लिहिली, तर पुढच्या संगणकावर इंग्रजी शब्द तेवढे तिरपे राहतात व मराठी सरळ होतें. आपण बारा अंकाचा मजकूर पाठवितों आणि समोर तो दहाचा दिसतो, मथळ्याचा ठळकपणा नाहींसा होतो, ह्या तक्रारींच्या मुळाशीं बहुधा हेंच असतें. उपाय असा कीं दोन्ही कप्पे मुद्दाम भरावे. लिब्रेऑफिसच्या अक्षर-चौकटींत ते शेजारीं शेजारीं दिसतात. वर्डमध्यें अक्षराची सविस्तर चौकट उघडली, व त्या संगणकावर मराठी लेखनाची सोय चालू असली, म्हणजे दुसरा कप्पा दिसतो.

पुतण्यानें साताऱ्यास फोन केला. “काका, तुमच्या तिरप्या खुणा इकडे पोंचल्याच नाहींत.” काका म्हणाले, “खुणा राहूं देत. कोण आहे आणि कोण गेलें हें मला आठवतें आहे तोंवर कागद घेऊन ये.”

तो दुसऱ्या दिवशीं एस. टी. नें आला. दोन दिवस काका डोळे मिटून सांगत राहिले व पुतण्या प्रत्येक दिवंगताच्या नांवापुढें निधनाचें वर्ष लिहीत गेला. ज्यांचें वर्ष काकांसही आठवेना त्यांच्यापुढें ‘दिवंगत’ हा शब्द. आतां ती फाईल कोणत्याही प्रणालींत उघडा, अक्षर तिरपें होवो कीं सरळ, गेलेलें माणूस गेलेलें म्हणूनच वाचलें जाईल. आम्हांस ह्या सर्व विषयांत सांगावयाचें मुख्य तें हेंच आहे. लेखास एक देह असतो व एक वेष असतो. अक्षरें, अंक, विरामचिन्हें हा देह. रंग, जाडी, तिरपेपणा, मधल्या मोकळ्या जागा हा वेष. ज्यावर अर्थ अवलंबून आहे तें वेषाच्या हवालीं करूं नये, कारण वाटेंत लुटला जातो तो वेष.

वैदिकांस हें निराळें सांगावयास नको. आपल्याच जिल्ह्यांतील औंध येथें पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर ह्यांच्या स्वाध्याय मंडळानें वेदसंहिता स्वरचिन्हांसह छापल्या; १९४८ मध्यें मंडळ गुजरातेंत पारडीस गेलें, तरी औंधच्या छापाचीं पुस्तकें अजून कित्येक देवघरांत आहेत. अक्षराखालील आडवी रेघ म्हणजे अनुदात्त व माथ्यावरील उभी रेघ म्हणजे स्वरित. आतां संगणकावर मंत्र लिहितांना कित्येकजण अनुदात्ताकरितां शब्द अधोरेखित करण्याचें बटण दाबतात. पडद्यावर तें हुबेहूब दिसतें, परंतु ती रेघ वेषांतली आहे. मजकूर व्हॉट्सॲपच्या संदेशांत चिकटविला कीं रेघ जाते आणि स्वर जातो. स्वर गेला म्हणजे काय होतें तें त्वष्ट्याच्या यज्ञांत ‘इन्द्रशत्रु’ शब्दानें दाखविलेंच आहे. युनिकोडांत ह्या दोन्ही रेघांस स्वतःचे क्रमांक आहेत, आणि २००९ मध्यें आणखी पुष्कळ वैदिक चिन्हांची त्यांत भर पडली. तींच वापरावीं. समोरच्या फाँटांत तें चिन्ह नसेल तर ठिपक्यांचें वर्तुळ किंवा रिकामी चौकट दिसते. तें दिसलें तरी घाबरूं नये. योग्य फाँट घातला कीं स्वर जागच्या जागीं उमटतात.

वंशावळीची मांडणी हा दुसरा मोठा घोटाळा. पुष्कळ लोक बोटानें जागेची कळ दाबीत दाबीत मुलाचें नांव बापाच्या नांवाखालीं आणतात. ही जुन्या टंकलेखनयंत्राची सवय आहे व त्या यंत्रावर ती बरोबर होती, कारण तेथें प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असे. संगणकाच्या फाँटांत ण ची रुंदी निराळी, र ची निराळी. फाँट बदलला कीं ओळींतले सर्व शब्द सरकतात, आणि थोरल्याचा मुलगा धाकट्याच्या पोटीं जन्म घेतो. वारसाच्या कागदाबरोबर जी वंशावळ जोडावयाची तींत हें झालें तर हंसण्याची गोष्ट राहत नाहीं. नांवें कोष्टकाच्या घरांत बसवावीं, अथवा पिढीचा अंक नांवापुढें लिहावा. नवें पान हवें असेल तेथें रिकाम्या ओळी ढकलीत बसूं नये, पान तोडण्याची आज्ञा द्यावी. मथळे प्रत्येक ठिकाणीं हातानें जाड-मोठे न करितां ‘शीर्षक’ म्हणून त्यांची जात एकदां ठरवून द्यावी. तळटीपांचे अंकही यंत्रास घालूं द्यावे.

ह्या उपायांचा उपयोग कां होतो तें फाईलीच्या रचनेवरून कळतें. वर्डची हल्लींची डॉकएक्स फाईल, किंवा लिब्रेऑफिसची ओडीटी फाईल, ही एक वस्तु नसून रुमाल आहे. आंत मजकुराचा बंद निराळा, वेषाचे नियम निराळे, तळटीपा व चित्रें निराळीं. दोन्ही रुमालांचे नियम प्रसिद्ध झालेले आहेत. ओडीटीच्या नियमांस २००६ मध्यें व डॉकएक्सच्या नियमांस २००८ मध्यें आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. एक प्रणाली दुसरीचा रुमाल सोडते तेव्हां ‘हें शीर्षक’, ‘हें कोष्टक’ अशा स्पष्ट चिठ्ठ्या तिला सहसा कळतात. सतरा मोकळ्या जागांचा अर्थ तिनें काय लावावा?

आतां कोणी विचारील, मग सरळ पीडीएफ कां पाठवूं नये? पाठवावी, परंतु कशासाठीं तें जाणून. १८०५ सालीं सांगलीजवळ मिरजेस गंगाधरराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयानें भगवद्गीता छापली गेली, ती तांब्याच्या पत्र्यांवर पानेंच्या पानें कोरून. तें काम मूळ पुण्यास नाना फडणविसांच्या उत्तेजनानें सुरू झालें होतें. नानांच्या पश्चात् कारागीर मिरजेस आला. त्याच सालीं तिकडे बंगाल्यांत श्रीरामपूर येथें विल्यम कॅरीचें मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनीं छापलें गेलें. मिरजेच्या पत्र्यावरची ओळ कधीं सरकावयाची नाहीं, पण एका चुकीच्या वेलांटीसाठीं तांबें पुन्हां ठोकावें लागणार. खिळे हवे तसे बदलतां येतात, पण जुळाऱ्याच्या हातून ओळ सुटली तर सर्व खिळे जमिनीवर. पीडीएफ म्हणजे मिरजेचा पत्रा. १९९३ मध्यें ती निघाली तीच मुळीं पान जसेंच्या तसें दिसावें म्हणून. लग्नपत्रिका छापखान्यांत द्यावयाची, अर्ज कचेरींत द्यावयाचा, तेथें तीच योग्य. परंतु ज्यांत सुधारणा व्हावयाची आहे तें पीडीएफनें पाठवूं नये, आणि मराठी पीडीएफमधून मजकूर परत उपसून काढण्याच्या भरीस तर पडूंच नये. अक्षरें बहुधा तुटक व मागेंपुढें होऊन बाहेर येतात. कुलवृत्तांतासारख्या कामांत दोन्ही बरोबर पाठवावीं. डॉकएक्स दुरुस्तीसाठीं, पीडीएफ साक्षीसाठीं. समोरच्यास शंका आली कीं पत्रा काढून पाहतां येतो.

फाँटाविषयीं थोडकें. दोन्ही घरीं एकच मोफत मिळणारा युनिकोड फाँट घालून घेणें हा सर्वांत स्वस्त उपाय. मुक्त, तिरो देवनागरी मराठी, असे चांगले फाँट विनामूल्य मिळतात. ते न जमल्यास फाईल जतन करतांना फाँट तींतच अंतर्भूत करण्याची सोय वर्ड व लिब्रेऑफिस दोहोंतही आहे. नाहीं तर दुसरा संगणक आपल्याजवळचा फाँट घालतो, देवनागरीच्या मात्रा-उकारांमुळें ओळींची उंची बदलते, आणि अनुक्रमणिकेंतील पृष्ठांक खोटे पडतात. ल व श ह्यांच्या मराठी वळणाबद्दल कित्येक वाचक हळहळतात. महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं तें वळण प्रमाण म्हणून ठरवून दिलें आहे. कांहीं फाँटांत हिंदी व मराठी अशीं दोन्ही वळणें असतात, आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदलेली असेल तरच मराठी वळण उमटतें. ती नोंद करावी. पण एवढें करून समोर हिंदी वळणाचा ल दिसला तर त्यावरून सांगलीच्या मंडळींशीं वाद घालूं नये. तो वेष आहे.

शेवटीं एक व्यावहारिक सूचना. मूळ फाईल एकाच घरीं असावी व दुरुस्ती एकाच हातानें व्हावी. बाकीच्यांनीं आपल्या सूचना कळवाव्या. एकच फाईल वर्डमधून गूगल डॉक्समध्यें, तेथून लिब्रेऑफिसमध्यें व पुन्हां वर्डमध्यें अशी चार वेळां फिरविली, तर प्रत्येक उंबरठ्यावर कांहीं ना कांहीं सांडतें. आणि मोठें काम पाठविण्यापूर्वीं एक कसोटीचें पान पाठवावें. त्यावर आचार्यास, आचाऱ्यास, दऱ्या, कऱ्हाड, शिक्षा, मूर्ति, वाङ्मय एवढे शब्द लिहावे. त्यांतला एक ठळक, एक तिरपा करावा. खालीं तीन घरांचें कोष्टक, एक तळटीप व स्वरांसह मंत्राचा एक चरण घालावा. सोबत त्याच पानाची पीडीएफ द्यावी, आणि समोरच्यांस तें पान उघडून, पुन्हां जतन करून परत पाठविण्यास सांगावें. परत आलेल्या पानावर आचारी आचार्य झालेला आढळला, तर दोनशें पानें पाठविण्याआधीं सांगलीस एक फोन करावा.